प्रेम, दुःख आणि धम्म : 'यात्रिक कामनीत' या कादंबरीतील धार्मिक मूल्यांची चिकित्सा

भगवान बुद्धांच्या काळावर आधारलेल्या प्रणयकथा वाचूनच आपल्यापैकी अनेकांची धम्माशी पहिली ओळख होते. त्रिपिटकाची दारे सर्वांना सारख्याच सुलभतेने उघडत नाहीत; कादंबरीची उघडतात. म्हणून अशा कादंबऱ्यांकडे 'केवळ मनोरंजन' म्हणून दुर्लक्ष करणे आम्हांस योग्य वाटत नाही. वाचक त्यांतून कथा घेतो आणि कथेबरोबर नकळत काही धार्मिक मूल्येही घेतो. ती मूल्ये तथागतांची आहेत की लेखकाच्या मनातील अन्य परंपरेची, हे पारखून घेणे हे समीक्षेचे काम होय. प्रस्तुत लेखात आम्ही ह्या दृष्टीने एका जगप्रसिद्ध कादंबरीचा विचार करणार आहोत. ती म्हणजे कार्ल गेलेरुप यांची 'यात्रिक कामनीत'.

गेलेरुप (१८५७–१९१९) हे जन्माने डॅनिश. धर्मोपदेशकाच्या घरात जन्मलेल्या ह्या लेखकाने ख्रिस्ती ईश्वरविद्येचे शिक्षण घेतले, पुढे त्या श्रद्धेचा त्याग केला, आणि जर्मनीत ड्रेस्डेन परिसरात स्थायिक होऊन भारतीय विचाराकडे, विशेषतः बुद्धविचाराकडे वळले. १९०६ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९११ साली जॉन लोगी यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला. १९१७ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक गेलेरुप यांना हेन्रिक पाँटोप्पिडान यांच्यासमवेत विभागून मिळाले. तथापि युरोपात पुढे त्यांचे नाव मागे पडले. ही कादंबरी मात्र थायलंडमध्ये चिरंजीव झाली. फ्राया अनुमान राजधोन व फ्रा सारप्रसोएत ह्या दोन विद्वानांनी केलेला थाई अनुवाद तेथे अभिजात साहित्य मानला जातो आणि त्याचा भाग शालेय अभ्यासक्रमातही वाचला गेला. एका बौद्ध राष्ट्रातील मुलांनी धम्माची कथा एका युरोपीय प्रणयकादंबरीतून वाचावी, ही गोष्ट तिची लोकप्रियता आणि तिची जबाबदारी दोन्ही सांगते.

कथासूत्र

अवंतीतील उज्जेनीच्या व्यापाऱ्याचा पुत्र कामनीत हा राजदूताच्या तांड्यासोबत कोसम्बीला जातो. तेथे उत्सवात चेंडूचा खेळ खेळणाऱ्या वासिट्ठीला, एका सुवर्णकाराच्या कन्येला, पाहून तो मोहित होतो. अशोकवृक्षांच्या गच्चीवर त्यांच्या रात्रीच्या भेटी होतात. परतीच्या वाटेवर अंगुलिमालाच्या टोळीच्या हाती तो सापडतो. खंडणी देऊन सुटतो. इकडे मंत्रिपुत्र सातागिर हा वासिट्ठीची अभिलाषा धरून असतो. कामनीत मारला गेला असे तिला खोटेपणाने पटविले जाते आणि तिचा विवाह सातागिराशी होतो. कामनीत पुन्हा कोसम्बीत येतो तो नेमका तिच्या वरातीच्या दिवशी. भग्न मनाने तो परततो, संपत्ती मिळवितो, दोन बायका करतो, विलासात बुडतो, आणि अखेरीस घर सोडून शाश्वत सुखाच्या शोधात यात्रिक होतो.

राजगहात एका कुंभाराच्या ओसरीवर त्याला एक वृद्ध भिक्खू भेटतात. ते स्वतः तथागत आहेत हे त्याला ठाऊक नाही. आपली सारी कहाणी तो त्यांनाच सांगतो. ते त्याला धम्म सांगतात, पण त्यात शाश्वत आनंदाचे आश्वासन नाही म्हणून 'हा बुद्धाचा धम्म असणे शक्य नाही' असे म्हणून तो तो नाकारतो. दुसऱ्या दिवशी बुद्धाच्या शोधात धावत असता एका गाईच्या शिंगाने घायाळ होऊन तो मरण पावतो; रात्री आपल्याशी बोलले तेच भगवंत होते हे त्याला फार उशिरा कळते. पुढे पश्चिमेच्या सुखावतीत कमळावर त्याचा जन्म होतो, तेथे वासिट्ठीची भेट होते. ती दरम्यान भिक्खुणी झालेली असते. सुखावतीची फुले कोमेजतात, ब्रह्मलोकही मावळतो, आणि शेवटी दोघे निब्बाणात विलीन होतात.

येथे लेखकाच्या बाजूने एक गोष्ट प्रथम नोंदविली पाहिजे. प्रणयकादंबरीचा रूढ शेवट म्हणजे मीलन. गेलेरुप यांनी नायक-नायिकांचे मीलन घडविले, परंतु ते स्वर्गातही टिकत नाही असे दाखविले. स्वर्गसुद्धा अनित्य आहे, हे बौद्ध तत्त्व त्यांनी प्रणयकथेच्या मर्मस्थानीच बसविले. हे धाडस मोठे आहे. आमचे पुढील आक्षेप ह्या धाडसाची कदर करूनच मांडलेले आहेत.

पुक्कुसाति आणि कामनीत

मज्झिम निकायाशी परिचित असलेल्या वाचकास कुंभारशाळेचा प्रसंग तत्काळ ओळखू येईल. तो धातुविभङ्ग सुत्तातून (मज्झिम निकाय १४०) घेतलेला आहे. कार्ल न्यूमन यांचे मज्झिम निकायाचे जर्मन भाषांतर १८९६ ते १९०२ ह्या काळात प्रसिद्ध झाले आणि गेलेरुप यांच्या कादंबरीवर त्याचा ठसा स्पष्ट आहे. सुत्तात भग्गव नावाच्या कुंभाराच्या घरी भगवंत एक रात्र मुक्कामास येतात. तेथे पुक्कुसाति नावाचा कुलपुत्र आधीच उतरलेला आहे. भगवंतांना कधी न पाहता केवळ श्रद्धेने त्याने घर सोडले आहे. भगवंत त्याला सहा धातू, सहा स्पर्शायतने, अठरा मनोपविचार आणि चार अधिष्ठाने समजावून देतात. उपदेश ऐकता ऐकता पुक्कुसाति जाणतो की हेच आपले शास्ता. आपण त्यांना 'आवुसो' असे बरोबरीच्या नात्याने संबोधले याची तो क्षमा मागतो आणि उपसंपदेची याचना करतो. पात्र-चीवर शोधण्यास निघाला असता गाय त्याला मारते. तो पाच संयोजनांचा क्षय केलेला होता, असे भगवंत नंतर सांगतात.

कादंबरीकाराने ह्या कथेचे मर्मच उलटविले आहे. पुक्कुसाति धम्मावरून शास्त्याला ओळखतो. कामनीत शास्त्याच्या कल्पनेवरून धम्म नाकारतो. हे परिवर्तन कलेच्या दृष्टीने प्रभावी आहे, यात शंका नाही. किंबहुना आजच्या वाचकाला त्यात स्वतःचेच चित्र दिसावे. मनात आधीच एक सुखदायी बुद्ध घडवून घ्यायचा आणि प्रत्यक्ष बुद्धवचन त्याच्याशी जुळले नाही तर ते वचनच खोटे ठरवायचे, ही वृत्ती आपल्या विहारांतही अपरिचित नाही. परंतु ह्या उलटापालटीत एक मूल्य हरवले. सुत्तात व्यक्तीपेक्षा धम्माला महत्त्व आहे. बोलणारा कोण हे ठाऊक नसतानाही बोलणे तपासून स्वीकारता येते, हा पुक्कुसातीचा धडा होय. कालाम सुत्ताच्या वाचकांस हा धडा नवा नाही. कादंबरीत मात्र शोकांतिकेचे सारे बळ 'तो बुद्ध होता आणि मला कळले नाही' ह्या खंतीवर उभे आहे. म्हणजे भार पुन्हा व्यक्तीवर, दर्शनावर, भेटीवर आला. हे भक्तीचे मूल्य आहे, प्रज्ञेचे नव्हे.

दुःख कोणाच्या खाती?

कादंबरीतील मध्यवर्ती धार्मिक मूल्य वासिट्ठीला मिळालेल्या एका लहानशा सूत्रात आहे. प्रेमासोबत दुःख येतेच, ह्या आशयाचे हे सूत्र भगवंत तिला चिंतनासाठी देतात. त्याचा आधार पियजातिक सुत्तात (मज्झिम निकाय ८७) आहे. ह्या सुत्ताचे स्वरूप नीट पाहणे आवश्यक आहे, कारण कादंबरीने त्यातून वाक्य घेतले आणि प्रसंग सोडला.

सुत्ताची सुरुवात प्रियकर-प्रेयसीने होत नाही. सावत्थीतील एका गृहस्थाचा एकुलता एक मुलगा मरण पावला आहे. तो स्मशानात विलाप करीत फिरतो. शोक हा प्रियापासून उत्पन्न होतो असे भगवंत त्याला सांगतात. ते त्याला पटत नाही. जवळच फासे खेळणाऱ्या जुगाऱ्यांना मात्र त्याचे म्हणणे पटते. ही चर्चा राजवाड्यात पोहोचते. राजा पसेनदी मल्लिकेला टोमणा मारतो. मल्लिका अंधश्रद्धेने उत्तर देत नाही. ती नाळिजङ्घ नावाच्या ब्राह्मणाला भगवंतांकडे पाठवून खुलासा मिळविते आणि मग राजालाच प्रश्न विचारते : वजिरी कन्या तुम्हांला प्रिय आहे ना? वासभखत्तिया? विडूडभ सेनापती? मी? कासी-कोसलचे राज्य? यांना काही झाले तर तुम्हांला शोक होणार नाही काय?

ह्या नामावलीत जातीचा इतिहास दडलेला आहे. वासभखत्तिया ही शाक्य महानामाला दासीपासून झालेली कन्या, आणि विडूडभ तिचा पुत्र. अट्ठकथा सांगते की शाक्यांनी आपल्या कुलाच्या अभिमानापायी दासीकन्या राजाला दिली, विडूडभ बसलेले आसन दुधाच्या पाण्याने धुतले, आणि त्या अपमानातून शाक्यांचा संहार झाला. म्हणजे मल्लिकेच्या प्रश्नातील 'प्रिय' माणसांवर जे दुःख पुढे कोसळले त्याचे कारण प्रेम नव्हते, कुलाभिमान होता.

त्याच सुत्तात भगवंतांनी नाळिजङ्घाला सांगितलेला एक प्रसंग तर प्रणयकादंबरीच्या वाचकाने विसरता कामा नये. सावत्थीतील एक स्त्री माहेरी गेली. तिला पतीपासून हिरावून दुसऱ्याला देण्याचा तिच्या नातलगांचा विचार होता. तिची इच्छा नव्हती. तिने ते पतीला सांगितले. पतीने तिचे दोन तुकडे केले आणि स्वतःचाही अंत केला. मरणोत्तर आपण एकत्र असू, ह्या आशेने. कामनीत आणि वासिट्ठीची जी आकांक्षा सुखावतीच्या कमळांवर इतकी मोहक वाटते, तीच येथे रक्ताने माखलेली आहे. सुत्त तिला गोड करीत नाही. आणि हेही लक्षात घ्यावे की स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिचा विवाह ठरविणारे नातलग ह्या प्रसंगात प्रथमपासून उपस्थित आहेत.

आता कादंबरीकडे वळू. कामनीत आणि वासिट्ठी यांची ताटातूट कशामुळे झाली? सातागिराच्या असत्यामुळे, मंत्रिपुत्र म्हणून त्याच्या हाती असलेल्या सत्तेमुळे, आणि कन्येच्या इच्छेपेक्षा सोयरिकीला मोठे मानणाऱ्या कुटुंबव्यवस्थेमुळे. अर्थात हे दुःख माणसाने माणसाला दिलेले आहे. परंतु कादंबरीच्या अखेरीस त्याचा हिशेब लागतो तो प्रेमाच्या खाती. वासिट्ठीने शिकावे ते असे की तिने प्रेम केले म्हणून तिला दुःख झाले. अन्याय करणाऱ्याचे कृत्य मागे राहते आणि अन्याय सोसणाऱ्याची आसक्ती पुढे येते. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

हा आक्षेप केवळ वाङ्मयीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' ह्या भाषणात आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय म्हटला. आपल्या समाजात दोन तरुण मनांचे प्रेम हा त्या कारणाने सामाजिक प्रश्न आहे. २०१४ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील खर्डा येथे अन्य जातीच्या मुलीशी संबंध असल्याच्या केवळ संशयावरून एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. अशा समाजात 'प्रेम म्हणजे दुःख' हे वाक्य जसेच्या तसे तरुणांपुढे ठेवले तर ते धम्मवचन राहत नाही. मारणाऱ्याच्या बाजूची साक्ष बनते. तृष्णेतून येणारे दुःख आणि विषमतेतून येणारे दुःख यांतील भेद पुसून टाकणारा उपदेश कितीही मधुर असला तरी तो सम्यक नव्हे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी माणसाचे माणसाशी असलेले नाते हा धम्माचा केंद्रबिंदू मानला, तो याचसाठी.

पेम, मेत्ता आणि समजीवी दांपत्य

पालि भाषेत प्रेमभावनेसाठी एकच शब्द नाही. 'काम', 'राग', 'पेम', 'पिय', 'मेत्ता' ह्या छटा भिन्न आहेत. युरोपीय भाषांतरातील एक 'प्रेम' शब्द ह्या सर्वांवर पांघरूण घालतो. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त राग हा मेत्तेचा निकटचा शत्रू सांगितला आहे. तो मित्रासारखा दिसतो म्हणूनच धोक्याचा. मेत्ताभावनेचा आरंभ अतिप्रिय व्यक्तीपासून करू नये, असेही तेथे सांगितले आहे. ह्याचा अर्थ प्रिय व्यक्ती त्याज्य आहे असा नव्हे. भावनेला पक्षपाताची सवय लागू नये, एवढाच त्याचा हेतू आहे. पुढे ती भावना स्वतः, प्रिय, मध्यस्थ आणि वैरी ह्या सर्वांवर सारखी पसरावयाची असते. बाबासाहेबांनी करुणेच्याही पुढे जाणारी म्हणून मैत्रीचा गौरव केला. कादंबरीत पेमाकडून थेट निब्बाणाकडे उडी आहे. मध्ये मेत्तेचा पूल नाही. वासिट्ठीचे प्रेम विझते. ते विस्तारत का नाही, हा प्रश्न लेखकाला पडलेला दिसत नाही.

शिवाय प्रेमाला त्रिपिटकात केवळ नकारच आहे, हे म्हणणेही खरे नाही. अङ्गुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात नकुलपिता आणि नकुलमाता ह्या भग्ग देशातील दांपत्याची कथा आहे. ह्या जन्मी आणि पुढेही आम्हांस एकमेकांचे दर्शन घडत राहावे, अशी इच्छा ते भगवंतांपाशी व्यक्त करतात. भगवंत त्यांना झिडकारत नाहीत. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा ह्या चारही बाबतींत दोघे समान असावेत, एवढेच सांगतात. पुनर्जन्माचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी ह्या चार समतांचे मूल्य याच जीवनात सिद्ध होते. सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीशी सन्मानाने वागावे, तिचा अवमान करू नये, व्यभिचार करू नये, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, तिला अलंकार द्यावेत, असे पाच नियम आहेत. म्हणजे बौद्ध परंपरेत प्रेमापुढे दोन वाटा आहेत : एक प्रव्रज्येची, दुसरी समतेच्या सहजीवनाची. गेलेरुप यांनी दुसरी वाट दाखविलीच नाही. कामनीताचा संसार दोन भांडकुदळ बायकांचा उपहास एवढ्यावरच संपतो. गृहस्थ उपासकाच्या जीवनाचे हे चित्र अपुरे आहे.

सुखावती, आत्मा आणि कृष्णवन

कादंबरीचा उत्तरार्ध सुखावतीत घडतो. सुखावती ही कल्पना पालि साहित्यातील नाही; ती महायान सूत्रांतील अमिताभाची भूमी आहे. त्या सूत्रांतही ती प्रेमिकांच्या पुनर्भेटीचे स्थान नाही. उलट, स्त्रीजन्माचा वीट आलेल्या स्त्रियांना पुन्हा स्त्रीजन्म येऊ नये, असे एक प्रणिधान तेथे आहे. स्त्रीत्वाबद्दलची ही दृष्टी आम्हांस मान्य नाही. पण कादंबरीकाराने त्या भूमीवर प्रियकर-प्रेयसी बसविताना मूळ ग्रंथाचे काय केले, हे वाचकाने जाणावे. पूर्वार्ध पालि निकायांचा आणि उत्तरार्ध महायानाचा, असे हे मिश्रण आहे. त्याहून महत्त्वाचे असे की तीन लोकांतून तोच कामनीत आणि तीच वासिट्ठी, त्याच स्मृती आणि त्याच ओळखीसह प्रवास करतात. अनात्मवादाचा उपदेश करणाऱ्या कथेची रचना मात्र आत्म्याच्या गृहीतकावर उभी राहते.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार प्रश्न उपस्थित केले. सिद्धार्थांनी परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये हा मूळ शिकवणीचा भाग आहे काय, आणि ती धम्माला निराशावादी ठरवीत नाहीत काय? आत्मा नाकारून कर्म व पुनर्जन्म कसे स्वीकारावे? आणि भिक्खू हा आत्ममग्न परिपूर्ण पुरुष की समाजसेवक? ही कादंबरी ह्या चारही प्रश्नांवर जुन्याच उत्तरांकडे झुकते. तिच्यात घर सोडण्याचे कारण भग्न प्रेम आहे. जीवनाचा सूर विरक्तीचा आहे. व्यक्तीचे सातत्य अबाधित आहे. आणि भिक्खू-भिक्खुणींचे कार्य स्वतःच्या विमोचनापुरते आहे.

एका बाबतीत मात्र लेखकाची दृष्टी आश्चर्यकारक रीत्या तीक्ष्ण आहे. अंगुलिमालाच्या टोळीत वाजश्रवस नावाचा एक विद्वान ब्राह्मण आहे. तो दरोडेखोरांना 'कालीसूत्रे' शिकवितो. आत्मा मारत नाही, मारला जात नाही, म्हणून हत्येत दोष नाही, अशी त्याची शास्त्रशुद्ध मांडणी आहे. भाष्यशैलीचे हे विडंबन वाचताना हसू येते आणि अंगावर काटाही येतो. पालि वाचकास येथे सामञ्ञफल सुत्तातील पकुध कच्चायनाचे मत आठवेल. तो म्हणे की तीक्ष्ण शस्त्राने कोणाचे मस्तक छेदले तरी ते शस्त्र केवळ सात तत्त्वांमधील पोकळीतून जाते. बाबासाहेबांनी 'कृष्ण आणि त्याची गीता' ह्या निबंधात ह्याच युक्तिवादाची झाडाझडती घेतली आहे. खुनाच्या आरोपीचा वकील न्यायालयात अशी बाजू मांडू लागला तर त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील, असा त्यांचा आशय होता. नोबेल विजेत्या युरोपीय कादंबरीकाराने १९०६ साली दरोडेखोरांच्या गुरूच्या तोंडी हे तत्त्वज्ञान घातले, ही नोंद आपल्या वाचकांनी अवश्य ठेवावी.

परंतु तोच लेखक पुढे भगवंतांना कृष्णमंदिराच्या परिसरात बसवितो. एका प्रकरणाचे नावच 'बुद्ध आणि कृष्ण' असे आहे, आणि भिक्खुणींचे वास्तव्यही कृष्णवनात आहे. इतिहासाच्या दृष्टीने हे टिकत नाही. वासुदेवपूजेचे ठळक शिलालेखीय पुरावे, म्हणजे बेसनगरचा हेलिओडोरसचा स्तंभ किंवा आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख, बुद्धानंतर काही शतकांचे आहेत. बुद्धकालीन कोसम्बीत होता तो घोसिताराम. त्याचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. ही केवळ कालविपर्यासाची चूक म्हणून सोडून देता येत नाही. धम्माला वैष्णव पार्श्वभूमी देणे, बुद्ध आणि कृष्ण यांना एकाच चौकटीत मढविणे, ह्याच प्रवृत्तीतून बुद्ध विष्णूचा अवतार ठरला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ह्या दोन्ही गोष्टींचा स्पष्ट नकार आहे. गेलेरुप यांचा हेतू वाईट नव्हता. पण हेतू चांगला असला म्हणून चौकट निर्दोष होत नाही.

कोसम्बीतील अनुपस्थित स्त्री

वासिट्ठी हे ह्या कादंबरीतील सर्वांत समर्थ पात्र होय. कामनीत शोधतो आणि चुकतो, ती शिकते. तीच आधी भिक्खुणी होते, तीच आधी पार होते, आणि अखेरीस तीच कामनीताला मार्ग दाखविते. स्त्री ही पुरुषाच्या मुक्तीतील अडथळा, हा प्रणयकथांचा व वैराग्यकथांचा रूढ संकेत येथे मोडला आहे. याचे श्रेय लेखकास दिलेच पाहिजे. तथापि थेरीगाथेतील वासिट्ठी आठवल्यावाचून राहत नाही. पुत्रशोकाने भान हरपलेली, केस मोकळे सोडून उकिरड्यांवर, स्मशानांत, रस्त्यांवर तीन वर्षे भटकणारी ती माता मिथिलेकडे जाणाऱ्या भगवंतांना पाहते आणि शुद्धीवर येते. तिचे दुःख गच्चीवरचे नाही, रस्त्यावरचे आहे.

आणि कोसम्बीचेच बोलावयाचे तर तेथील खरी धम्मशिक्षिका कोण होती? खुज्जुत्तरा. राणी सामावतीची कुबडी दासी. अट्ठकथेनुसार फुलांसाठी मिळालेल्या आठ कहापणांपैकी चार ती स्वतःसाठी ठेवी. भगवंतांचा उपदेश ऐकल्यावर तिने आठही कहापणांची फुले आणली, विचारल्यावर खरे सांगितले, आणि राणीने व तिच्या पाचशे सख्यांनी त्या दासीला उच्च आसनावर बसवून तिच्याकडून धम्म ऐकला. 'इतिवुत्तक' हा ग्रंथ तिच्याच मुखातून जतन झाला, अशी परंपरा आहे. बहुश्रुत उपासिकांत भगवंतांनी तिला अग्र मानले. कादंबरीकाराने कोसम्बी निवडली, पण खुज्जुत्तरा निवडली नाही. प्रणयकथेला सुंदर श्रेष्ठिकन्या लागते. कुबडी दासी चालत नाही. धम्माला मात्र ती चालली. त्या एका फरकात प्रणयकादंबरी आणि धम्म यांच्या मूल्यांतील अंतर स्पष्ट होते.

दुसरे एक प्रेमचित्र

प्रेम आणि गृहत्याग यांची गाठ वेगळ्या प्रकारे बांधता येते, याचे उदाहरण बाबासाहेबांनी स्वतः दिलेले आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यातून सिद्धार्थांची परिव्रज्या घडते. ते यशोधरेला झोपेत सोडून जात नाहीत, तिला सांगतात. यशोधरा भावना आवरून उत्तर देते की तुमच्या जागी मी असते तर मीही कोलियांशी युद्धाला साथ दिली नसती; राहुलाची जबाबदारी नसती तर मीही निघाले असते. हे प्रेम विझलेले नाही आणि आंधळेही नाही. दुसऱ्याचे कार्य ओळखून त्याला साथ देणारे ते प्रेम आहे. नकुलपिता-नकुलमातेची चार समतांची अट येथे पूर्ण झालेली दिसते. ह्या एका प्रसंगापुढे कामनीत-वासिट्ठीचे तीन लोकांतील मीलन आम्हांस फिके वाटते.

तात्पर्य, 'यात्रिक कामनीत' ही वाचू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती वाचावी, धातुविभङ्ग, पियजातिक आणि अंगुलिमाल ही तीन सुत्ते शेजारी ठेवून वाचावी. अनित्यतेचे तिचे चित्रण, हत्येचे समर्थन करणाऱ्या आत्मवादाचा तिचा उपहास आणि वासिट्ठीचे तेजस्वी पात्र ह्या तिच्या जमेच्या बाजू आहेत. मात्र तिच्यातील दुःखाचा हिशेब वाचकाने स्वतः पुन्हा मांडावा. सातागिराचे असत्य सातागिराच्याच खाती लिहावे. आपल्या तरुण लेखकांपैकी कोणी बुद्धकालीन प्रेमकथा लिहावयास घेईल, तर त्याने कोसम्बीच्या गच्चीवरून थोडे खाली उतरून फुले आणावयास निघालेल्या खुज्जुत्तरेकडे पाहावे. ती कादंबरी अद्याप लिहिली जावयाची आहे.